खड्ड्याच्या काठावर मातीची परीक्षा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं वेनॅची हे सफरचंदांचं गाव. तिथल्या फळझाड संशोधन केंद्राच्या आवारात जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे. 1966 पासून 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यावर कीटकनाशकांच्या विल्हेवाटीचे प्रयोग चालले. नको झालेली औषधं मातीच्या हवाली केली तर माती त्यांचं काय करते, हे बघायचं होतं. बऱ्याच औषधांचं मातीने काहीच केलं नाही. डीडीटी आणि सायक्लोडाइन गटातली कीटकनाशकं मुरून बसली ती बसलीच. 1997 मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ही जागा साफ करायला घेतली. खणायचं हे ठरलेलं होतं. किती खोल, किती रुंद आणि कुठे थांबायचं, हे मात्र ठरत नव्हतं, कारण डीडीटी मुरलेली माती आणि साधी माती शेजारी शेजारी ठेवली तर दिसायला सारखीच.

नेहमीचा रस्ता असा, की खड्ड्यातून नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि वाट बघायची. प्रयोगशाळा त्या मातीतून द्रावकाने कीटकनाशक काढून घेते, अर्क शुद्ध करते आणि गॅस क्रोमॅटोग्राफमधून सोडते. यंत्राच्या शेवटी इलेक्ट्रॉन पकडणारा शोधक बसवलेला असतो. जेम्स लव्हलॉक यांनी तो 1957 मध्ये बनवला आणि क्लोरीन असलेल्या रेणूंच्या बाबतीत त्याचं नाक अजूनही तीक्ष्ण मानलं जातं. उत्तर अचूक येतं, पण आठवड्यांनी येतं. तोवर खोदाईचं यंत्र भाड्याने उभं राहतं. नाहीतर कंत्राटदार अंदाजपंचे जास्तीची माती उचलतो आणि तिच्या प्रत्येक टनाला घातक कचऱ्याचा दर मोजावा लागतो.

इम्युनोअसे किट, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीने पदार्थ ओळखणारा तपासणीचा संच, कामी येतं ते इथे. त्याला विचारायचा प्रश्न अगदी मर्यादित असतो: ही माती ठरवलेल्या रेषेच्या वर आहे की खाली? एवढंच उत्तर, पण ते दोन-तीन तासांत आणि खड्ड्याच्या काठावर टेबल टाकून मिळतं.

अँटीबॉडीने मोजण्याची ही युक्ती मुळात वैद्यकातली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायला अँटीबॉडी कामाला लावल्या. यालो यांना त्याबद्दल 1977 चं नोबेल मिळालं; बर्सन तोवर हयात नव्हते. त्यांच्या पद्धतीत मोजायच्या पदार्थाला किरणोत्सारी खूण लावलेली असे. 1971 मध्ये स्टॉकहोममध्ये इव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी त्या खुणेच्या जागी एन्झाइम बसवलं. आता उत्तर रंगातून मिळू लागलं. हीच एलायझा. ती नसती तर शेताच्या बांधावर किरणोत्सारी बाटल्या घेऊन कोण बसणार होतं?

इन्सुलिनकडून डीडीटीकडे यायला मात्र एक अडसर होता. डीडीटीचा रेणुभार जेमतेम 354. इतक्या चिमुकल्या रेणूची शरीराची प्रतिकारयंत्रणा दखलच घेत नाही, आणि दखल घेतली नाही तर अँटीबॉडी बनणार कुठून? यावरची तोड कार्ल लँडस्टायनर यांच्या कामातून आली. रक्तगट शोधले ते हेच. लहान रेणू एकटा टोचला तर काही होत नाही, पण तोच मोठ्या प्रथिनाला चिकटवून टोचला तर शरीर त्याच्याविरुद्धही अँटीबॉडी बनवतं, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. म्हणून किट बनवणारे डीडीटीसारखाच दिसणारा, पण एका बाजूला पकडायला दांडा असलेला रेणू तयार करतात, दांड्याने तो प्रथिनाला जोडतात आणि सशाला किंवा उंदराला टोचतात. 1975 मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच पेशीच्या वंशातून हव्या तेवढ्या, एकसारख्या अँटीबॉडी मिळवण्याची रीत काढली. आजचं किट पुढच्या वर्षीच्या किटसारखंच वागेल, याची खात्री या रीतीमुळे बरीच वाढली.

दांड्याची गोष्ट इथेच नीट लक्षात ठेवायला हवी, कारण किटचे पुढचे बरेचसे गुणदोष तिथूनच निघतात. दांड्याकडची बाजू प्रथिनाआड झाकली जाते. अँटीबॉडी ओळखते ती रेणूची उघडी राहिलेली बाजू. एंड्रिन, डिल्ड्रिन, क्लोरडेन, एंडोसल्फान या सायक्लोडाइन मंडळींमध्ये क्लोरीनने लगडलेला पिंजऱ्यासारखा एक भाग समान असतो. त्या पिंजऱ्यावर बेतलेली अँटीबॉडी या सगळ्यांना धरते, कुणाला घट्ट, कुणाला सैल. त्यामुळे सायक्लोडाइनचं किट 'या घरातलं कुणीतरी आहे' एवढं सांगतं. नेमकं कोण, ते सांगत नाही.

आता किटच्या नळीत काय चालतं ते पाहू. गर्भधारणेची घरगुती चाचणी किंवा करोनाची रॅपिड टेस्ट आपल्या ओळखीची आहे: रेघ उमटली म्हणजे शोधतोय ते आहे. तिथला रेणू मोठा असतो, दोन अँटीबॉडी त्याला दोन बाजूंनी एकदम धरतात. डीडीटीच्या अंगावर दोघींना पुरेल एवढी जागाच नाही. म्हणून इथे स्पर्धा लावावी लागते. परीक्षानळीच्या आतल्या भिंतीला मोजक्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. त्या झाल्या एसटीतल्या सीट. गाडीत दोन प्रकारचे प्रवासी एकदम सोडायचे. एक, मातीच्या अर्कातून आलेले डीडीटीचे रेणू. दुसरे, किटसोबत मिळालेले, एन्झाइम जोडलेले डीडीटीसारखे रेणू. हे दुसरे गांधी टोपी घालून आलेत असं समजा. ज्याला सीट मिळेल तो बसला. मग उभ्या असलेल्या सगळ्यांना खाली उतरवायचं, म्हणजे नळी धुवायची, आणि गाडीत टोप्या किती उरल्या ते मोजायचं. टोप्या कमी दिसल्या तर बिनटोपीवाल्यांची गर्दी मोठी होती.

टोप्या मोजायला रंग लागतो. बहुतेक किटमध्ये हॉर्सरॅडिश या तिखट मुळापासून मिळणारं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम असतं. त्यावर टीएमबी नावाचं रंगहीन द्रावण घातलं की निळा रंग चढू लागतो. ठरलेल्या वेळी आम्लाचे थेंब टाकले की क्रिया थांबते आणि निळ्याचा पिवळा होतो. हा पिवळा 450 नॅनोमीटरच्या प्रकाशात छोट्या फोटोमीटरने वाचायचा. गडद पिवळा म्हणजे स्वच्छ माती, फिका म्हणजे मळलेली. नवखा माणूस हे उलटं वाचतो, म्हणून पहिल्या दिवशी टेबलावर कागद चिकटवून ठेवलेला बरा.

प्रत्यक्ष काम नळीपासून सुरू होत नाही, मातीपासून होतं. पोलादी तसराळ्यात नमुना ओतायचा, खडे, मुळ्या, पालापाचोळा वेचून काढायचा, ढेकळं फोडायची आणि माती इतकी कालवायची की कुठूनही चिमूट घेतली तरी सारखीच असावी. मग ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले टाकायचे, पुन्हा ढीग. कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक ठिकाणी उरकलं जातं ते हेच. चिकण माती तर हाताला चिकटते, कालवायचा कंटाळा येतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत हात घातलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

यातली 10 ग्रॅम माती तोलून रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यायची. काही किटच्या बाटल्यांत पोलादी गोळ्या असतात, हलवताना त्या उरलीसुरली ढेकळं फोडतात. वर 20 मिलिलिटर मिथेनॉल ओतायचं, झाकण घट्ट लावायचं आणि मिनिटभर जोरात हलवायचं. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मिथेनॉल. ते विषारी आणि ज्वालाग्राही असतं, तेव्हा हातमोजे, मोकळी हवा आणि जवळपास कुणाची बिडी नको. गाळ खाली बसला की वरचं द्रावण बारीक गाळणीतून काढून घ्यायचं.

हा अर्क तसाच नळीत घालून चालत नाही. अँटीबॉडी हे प्रथिन आहे. मिथेनॉल जास्त झालं की तिचा आकार बिघडतो आणि ती कुणालाच धरत नाही. म्हणून अर्क बफरच्या पाण्यात पातळ करायचा. समजा पन्नास पट केला. हिशेब असा: मातीत 1 पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग, डीडीटी असेल तर 10 ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅम. ते सगळं 20 मिलिलिटरमध्ये उतरलं तर एका मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. पन्नास पट पातळ केल्यावर अब्जात दहा भाग. अँटीबॉडीला एवढंही पुरतं, आणि म्हणूनच हे सगळं शक्य होतं.

नळ्या ओळीने मांडायच्या. पहिली शून्याची, तिच्यात डीडीटी अजिबात नाही. मग माहीत असलेल्या प्रमाणाच्या दोन-तीन प्रमाण नळ्या, मग एक तपासणीची, मग आपले नमुने, शक्य तर प्रत्येकाच्या दोन-दोन. प्रत्येकीत अर्क आणि टोपीवालं द्रावण ठरलेल्या मापाने, ठरलेल्या क्रमाने, सारख्या अंतराने. पहिल्या नळीत थेंब टाकल्यापासून शेवटच्या नळीपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढाच वेळ आम्ल टाकतानाही गेला पाहिजे. त्यामुळे एका वेळी फार नळ्या लावण्याचा मोह टाळलेला बरा.

धुण्याच्या पायरीवर जरा थांबू. नळी भरायची, उपडी करून झटकायची, पुन्हा भरायची, असं तीन-चारदा करून शेवटी टिपकागदावर उपडी आपटायची. एखादा थेंब काठाला लोंबत राहिला तर त्यात सीट न मिळालेले टोपीवाले असतात. ते रंग वाढवतात. रंग वाढला म्हणजे माती आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसली. नीट न धुतलेली नळी मळलेल्या मातीला निर्दोष सोडते, आणि चुका दोन्ही बाजूंनी होऊ शकत असल्या तरी ही जास्त महाग. उलट बाजूची उदाहरणंही आहेत: अर्कात मिथेनॉल जास्त राहिलं किंवा मातीतल्या तेलकट पदार्थाने अडथळा आणला तर रंग फिका पडतो आणि स्वच्छ माती मळलेली वाटते. त्यात थोडी माती उगाच उचलली जाते, एवढंच.

उन्हाचा जाच वेगळा. किट फ्रिजच्या थंडाव्यात ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, वापरण्याआधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचं. टेबल सावलीत हवं. दुपारच्या तापात रंग भराभर चढतो, सकाळच्या गारठ्यात रेंगाळतो. म्हणून सकाळच्या प्रमाण नळ्यांवर दुपारचे नमुने वाचायचे नाहीत; प्रत्येक खेपेला प्रमाण नळ्या सोबत हव्यातच. एका डब्यातलं द्रावण दुसऱ्या डब्याच्या नळ्यांत घालणं, मुदत उलटलेलं किट 'चालतंय की' म्हणून वापरणं, हे प्रकार शून्याच्या नळीत पकडले जातात. तिचा रंगच जर नेहमीपेक्षा फिका आला तर ती सगळी खेप टाकून द्यायची.

आकडे कसे वाचायचे? समजा शून्याच्या नळीचं वाचन 1.20 आलं आणि नमुन्याचं 0.48. म्हणजे शून्याच्या 40 टक्के. 1 पीपीएमची प्रमाण नळी 55 टक्क्यांवर आणि 10 पीपीएमची 25 टक्क्यांवर असेल, तर आपला नमुना दोघींच्या मध्ये आहे. आलेख काढून मधला आकडाही काढता येतो. तो 3.2 आहे की 3.4 यावर मात्र वाद घालू नये; या पद्धतीला तेवढी धार नाही. नमुना सगळ्यात मोठ्या प्रमाण नळीपेक्षाही फिका आला तर अर्क आणखी पातळ करून पुन्हा लावायचा.

किट बनवणारे आणखी एक शहाणपणा करतात. निर्णयाची रेषा 1 पीपीएमवर असेल तर तुलनेची नळी त्याच्या थोडी खाली बेततात. संशयाचा फायदा मातीला न देता तपासणाऱ्याला द्यायचा, हे धोरण. त्यामुळे चुकून 'मळलेली' ठरणारे नमुने वाढतात, पण चुकून 'स्वच्छ' ठरणारे फार कमी राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घनकचरा तपासणीच्या आपल्या ग्रंथात या पद्धतींना 4000 ची मालिका दिली आहे. डीडीटीचा क्रमांक 4042, पीसीबी या रसायनांचा 4020, टीएनटी या स्फोटकाचा 4050. आणि निवडक नमुने खात्रीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचे, हा दंडक.

सगळं नीट केलं तरी काही अडचणी उरतातच. जुनं डीडीटी मातीत हळूहळू डीडीई आणि डीडीडी होतं. अँटीबॉडी या तिघांना सारख्याच ताकदीने धरत नाही, त्यामुळे येणारं उत्तर 'डीडीटीच्या भाषेत' येतं. एकाच कीटकनाशकाची बाटली नव्याने सांडली असेल तर ठीक. वीस-तीस वर्षांच्या मुरलेल्या खिचडीत हा फरक मोठा होऊ शकतो. ओल्या मातीत 10 ग्रॅममधला काही भाग पाणीच असतं, ते वजा करावं लागतं. चिकण, सेंद्रिय कर्ब जास्त असलेल्या माती जुनं प्रदूषण घट्ट धरून ठेवतात, मिनिटभराच्या हलवण्याने ते सगळं सुटत नाही.

तरीही खरी मोठी चूक नळीत होत नसते. अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेतले थॉमस जेंकिन्स आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकात स्फोटकांनी दूषित जमिनींवर काम करत होते. त्यांना दिसलं, की हाताच्या अंतरावरून घेतलेल्या दोन नमुन्यांमध्ये जेवढी तफावत पडते, तिच्यापुढे शेतातली साधी चाचणी आणि प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र यांच्यातली तफावत क्षुल्लक आहे. प्रदूषण मातीत मिठासारखं विरघळून पसरत नाही, गुठळ्यांनी राहतं. मग दहा नमुन्यांवर अचूक यंत्र चालवून हाती काय येतं? दहा चिमटींबद्दलचं अचूक ज्ञान. त्याच खर्चात शंभर चिमटी बऱ्यापैकी तपासल्या तर जमिनीचा नकाशा दिसू लागतो. किटच्या बाजूने माझं मत झुकतं ते याच कारणाने. झटपटपणा हा त्याचा दुय्यम गुण.

वेनॅचीत अभियंता दलाने किट नुसतं विकत आणून वापरायला सुरुवात केली नाही. आधी त्याच जागेची माती किटने आणि प्रयोगशाळेत, अशी दोन्हीकडे तपासली. डीडीटी आणि सायक्लोडाइन, दोन्ही किट या विशिष्ट मातीत किती वर-खाली दाखवतात ते पाहिलं आणि त्यावरून या जागेपुरत्या निर्णयाच्या रेषा ठरवल्या. डब्यावर छापलेली रेषा आंधळेपणाने घेतली नाही, ही यातली सगळ्यात अनुकरणीय गोष्ट. मग जमिनीचे भाग पाडून खणायचं, तळाची आणि बाजूंची माती किटवर लावायची, रेषेच्या वर आली तर आणखी खणायचं, खाली आली तर पुढच्या भागाकडे वळायचं. शेवटचा शिक्का प्रयोगशाळेचाच. एकूण सुमारे 390 टन माती उचलली गेली. त्यातली जास्त मळलेली 56 टन भट्टीत जाळायला गेली आणि उरलेली 334 टन घातक कचऱ्याच्या भरावात. मातीची ही प्रतवारीही तपासणी हाताशी असल्यामुळे जमली, नाहीतर सगळीच जाळण्याच्या दराने गेली असती. नेहमीच्या पद्धतीने जेवढा खर्च धरला होता त्याच्या निम्म्याच्या आसपास काम झालं.

आपल्याकडे डीडीटीचा शेतीतला वापर 1989 मध्ये बंद झाला, डासांवरची फवारणी पुढेही चालू राहिली. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या सरकारी कारखान्यात डीडीटी तयार होत असे, तेव्हा हा रेणू मराठी मुलुखाला परका नाही. पण माती परीक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती 2015 पासूनची मृदा आरोग्य पत्रिका. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब धरून बारा गोष्टी असतात. कीटकनाशकाचा अंश त्यात एकही नाही. ज्याला आपल्या शेतातली किंवा विकत घ्यायच्या जमिनीतली जुनी औषधं तपासायची आहेत, त्याला ती पत्रिका कितीही उलटीपालटी केली तरी उत्तर मिळणार नाही.

आणि किटकडूनही सगळी उत्तरं मागू नयेत. वेनॅचीच्या सफरचंदांच्या बागांवर डीडीटी येण्याआधीची कित्येक वर्षं लेड आर्सेनेट फवारलं जात होतं. शिसं आणि आर्सेनिक ही मूलद्रव्यं. डीडीटीची अँटीबॉडी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यांच्यासाठी क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं वेगळंच हातयंत्र लागतं. जमिनीवर पूर्वी काय काय पडलं, हे गावातल्या जुन्या माणसांना, कागदपत्रांना विचारल्याशिवाय कुठलं किट मागवायचं हेही ठरत नाही.

संध्याकाळी टेबल आवरताना एक बाटली उरते: दिवसभरातलं वापरलेलं मिथेनॉल, ज्यात आता त्या मातीतलं डीडीटी आहे. ती नाल्यात ओतायची नाही. झाकण लावून, वर काय आहे ते लिहून, घातक कचऱ्याच्या पिंपात ठेवायची.